घराचं लोखंडकाम: ग्रिल, रेलिंग, गेट आणि पत्रा नीट करून घेताना

घर बांधताना लोखंडकामाचा विचार बहुतेक जण सगळ्यात शेवटी करतात. प्लास्टर झालं, फरशी बसली, भिंतींना रंगाचा पहिला हात लागला, की मग कुणीतरी म्हणतं, "अरे, गॅलरीचं रेलिंग राहिलंय, ग्रिलवाल्याला बोलवा." तो येतो, टेप लावतो, मोबाइलवर चार डिझाइनं दाखवतो, किलोचा भाव सांगतो आणि आठ दिवसांत माल आणून बसवून जातो. पुढची वीस वर्षं ते काम टिकणार की पाचव्या वर्षी उचकटावं लागणार, हे त्या आठ दिवसांत ठरून गेलेलं असतं.

आमच्या गुहागरच्या घराच्या गॅलरीत मी हे भोगलंय. रेलिंगचे उभे पाइप थेट काँक्रीटमध्ये रोवले होते आणि वरून काळा ऑइल पेंट. दिसायला झकास. सहावा पावसाळा संपल्यावर भाचा रेलिंगला टेकून उभा होता आणि एक खांब त्याच्याबरोबर बाहेर झुकला. नशिबाने बाकीच्यांनी धरून ठेवलं. मी खाली बसून बघितलं. फरशीच्या रेषेवर रंग फुगला होता. नखाने खरवडला तर पापुद्र्यासारखा निघाला आणि आत नुसता तपकिरी भुगा. स्क्रूड्रायव्हर टेकवला तो पाइपच्या आरपार गेला. गंमत म्हणजे चार बोटं वर तोच पाइप नव्यासारखा होता, ठोकला की घंटेसारखा वाजत होता.

त्या दिवशी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. धातू सगळीकडे सारखा सडत नाही, जिथे पाणी अडतं तिथे सडतो. म्हणून कोणता धातू घ्यायचा हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा, की पाणी कुठून येणार आणि त्याला जायला वाट कुठे आहे.

आधी वही घेऊन घरात फिरा

स्लॅब पडल्यानंतर आणि प्लास्टरच्या आधी एकदा वही घेऊन घरात फिरायचं. जिथे जिथे धातू येणार आहे ती जागा लिहायची: खिडक्यांचे ग्रिल, गॅलरी, जिना, गच्चीचं दार, गेट, वरचा पत्रा, धुण्याची जागा, स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या. प्रत्येक जागेपुढे एकच नोंद करायची. ती जागा कायम कोरडी राहते, पावसात भिजून वाळते, की ओलीच राहते?

तिसऱ्या प्रकारात लोक चुकतात. धुण्याच्या जागेतला स्टँड, बाथरूमच्या खिडकीची जाळी, कुंड्या ठेवतो ती ग्रिलची तळपट्टी या सगळ्या "कायम ओल्या" जागा आहेत, मग घर सोलापुरात का असेना.

समुद्रकाठी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. तिथे उघड्यावरच्या रेलिंगपेक्षा छज्जाखालचं रेलिंग जास्त लवकर डागाळतं. उघड्यावरचं पावसात धुतलं जातं. छज्जाखालच्यावर खारट थर साचत राहतो आणि रात्रीच्या दमटपणात ओला होतो.

प्लास्टरच्या आधी फिरायचं कारण असं, की रेलिंग किंवा गेट जिथे अडकणार तिथे काँक्रीटचा ठोकळा किंवा लोखंडी प्लेट आधीच घालून घेता येते. कोकणात जांभ्याची भिंत असेल तर हे कराच. जांभा सच्छिद्र आणि मऊ असतो, त्यात अँकर फास्टनर, म्हणजे भोकात फुगून पकड घेणारा बोल्ट, आवळला की भोक मोठं होतं आणि फास्टनर फिरत राहतो. शहरात हलक्या ब्लॉकच्या भिंतींचंही तेच. गेटचा भार जांभ्यावर टाकू नका, बिजागरीसाठी आरसीसीचा खांब उभा करा.

कुठे कोणता धातू

साधं लोखंड, म्हणजे बाजारात ज्याला एमएस म्हणतात ते, स्वस्त आणि मजबूत. कोणत्याही गावातला वेल्डर त्यावर काम करू शकतो. घाटावर आणि त्याच्या पलीकडे, म्हणजे पुणे, नाशिक, संभाजीनगर, नागपूर अशा ठिकाणी, ग्रिल आणि गेटसाठी ते उत्तम आहे, फक्त रंगाची शिस्त पाळावी लागते. शक्य असेल तिथे बाहेरच्या कामात पोकळ पाइपपेक्षा भरीव गज आणि पट्टी घ्या. भरीव गजाला बाहेरून गंज लागला तर दिसतो आणि घासून काढता येतो. पाइप आतून गंजतो आणि फुटेपर्यंत कळत नाही.

जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड म्हणजे जीआय. यात दोन प्रकार आहेत आणि दुकानात दोन्हींना एकच नाव सांगतात. एकात पत्र्यावर कारखान्यातच पातळ थर दिलेला असतो आणि त्याचे पाइप बनतात. दुसऱ्यात तुमचं पूर्ण बनलेलं गेट साधारण ४५० अंश तापलेल्या वितळलेल्या जस्तात बुडवून काढतात. दुसऱ्याचा थर कितीतरी जाड असतो. शिवाय जोड, कोपरे, वेल्डिंग सगळं झाकलं जातं. समुद्रकाठच्या गेटसाठी माझ्या मते याला तोड नाही. जवळच्या औद्योगिक वसाहतीत अशी सोय आहे का ते आधी विचारा, तिथल्या टाकीची लांबीही विचारा आणि गेटचे भाग त्यात मावतील असे पाडा. प्रत्येक पोकळ पाइपला दोन्ही टोकांना भोक ठेवायला सांगा. बंद पाइपमध्ये ओल अडकली असेल तर टाकीत त्याची वाफ होऊन पाइप स्फोटासारखा फुटतो.

स्टेनलेस स्टीलबद्दलचा गैरसमज म्हणजे ते गंजत नाही. पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असेल तर पृष्ठभागावर एक अदृश्य थर तयार होतो आणि तो आतल्या लोखंडाला सांभाळतो. तो थर तुटला की स्टेनलेसही डागाळतं. बाजारात याच्या ग्रेड आकड्यांनी ओळखतात. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ३१६ मध्ये त्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि ते मिठापुढे टिकतं. २०२ मध्ये महागडं निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं. घरातल्या कोरड्या जिन्याला २०२ चालेल. बाहेर ३०४ च्या खाली जाऊ नका. लाटांचा आवाज ऐकू येतो इतक्या अंतरावर घर असेल तर ३१६ घ्या. परवडत नसेल तर स्टेनलेसचा नाद सोडून जस्तात बुडवलेलं लोखंड घ्या, ते बरं.

३०४ ओळखायला बरेच जण लोहचुंबक लावून बघतात. त्याचा इथे उपयोग नाही, कारण २०२ लाही चुंबक चिकटत नाही. उलट अस्सल ३०४ चा पाइप वाकवला की त्या वाकावर थोडं चिकटू शकतं. स्टीलच्या दुकानात तपासणीचं द्रावण मिळतं. एक थेंब टाकून छोट्या बॅटरीचा करंट दिला की जास्त मँगनीजचा माल लाल रंग दाखवतो. हे तुमच्यासमोर करून मागा आणि बिलावर ग्रेड लिहून घ्या.

ॲल्युमिनियम खिडक्यांसाठी ठीक. ते हलकं असतं, लोखंडासारखा तांबडा गंज धरत नाही आणि पावडर कोटिंग छान बसतं. त्याच्या दोन खोडी सांभाळा. एक म्हणजे ओलं सिमेंट त्याला खातं. खिडकी बसल्यावर गिलावा करायचा असेल तर चौकटीला टेप लावून घ्या, नाहीतर पांढरे डाग कायमचे राहतात. दुसरी म्हणजे तापल्यावर ते लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. तीन मीटरची पट्टी सकाळ-दुपारच्या ४० अंशांच्या फरकात पावणेतीन मिलिमीटर वाढते. चौकट भिंतीत घट्ट ठोकून बसवली तर तिला जायला जागा राहत नाही आणि सिलिकॉन फाटतं.

बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, खांब आणि जाळ्या मुंबईच्या जुन्या चाळींमध्ये, वाड्यांमध्ये अजून दिसतात. तुमच्याकडे असतील तर नेहमीच्या वेल्डिंग रॉडने त्याला हात लावू देऊ नका. बिडात कार्बन जास्त असतो, त्यामुळे साधा टाका थंड होताना शेजारी तडा जातो. त्यासाठी निकेलचा रॉड आणि आधी तापवणं, दोन्ही लागतं. हे येणारा माणूस शोधावा लागतो, पण शोधा. तसं ओतकाम आता होत नाही.

दोन वेगळे धातू एकमेकांना ओल्यात टेकवू नका. तांब्याची तार लोखंडी रेलिंगला बांधली, ॲल्युमिनियमच्या चौकटीत साधे लोखंडी स्क्रू मारले, की त्यातला कमकुवत धातू लवकर खाल्ला जातो. ॲल्युमिनियममध्ये स्टेनलेसचे स्क्रू आणि खाली नायलॉनचा वॉशर वापरा.

माप, सूत आणि वजन

माप प्लास्टर पूर्ण झाल्यावरच घ्या. रुंदी तीन ठिकाणी मोजा: वर, मध्ये आणि खाली. मग दोन्ही कर्ण मोजा. कर्णात पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर ती खिडकी गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही. ग्रिल तिच्या लहान मापाला करायचं आणि फट पट्टीने झाकायची.

कारागीर सुतात बोलतात, ते समजून घ्या. आठ सूत म्हणजे एक इंच. चार सुती गज म्हणजे साधारण १२ मिलिमीटर आणि तीन सुती म्हणजे १० च्या जरा आत. पाइप आणि पत्रा गेजमध्ये असतो, आणि गेजचा आकडा वाढला की जाडी कमी होते. १४ गेज म्हणजे दोन मिमी, १६ म्हणजे १.६, १८ म्हणजे १.२. बाहेरच्या रेलिंगच्या उभ्या खांबाला दोन मिमीच्या खाली जाऊ नका.

किलोवर काम देताना वजन स्वतः काढता आलं पाहिजे. ते अवघड नाही. गोल सळईचा व्यास मिमीमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, १६२ ने भागा: एका मीटरचं वजन किलोत आलं. चौकोनी गज किंवा पट्टी असेल तर रुंदी गुणिले जाडी गुणिले ०.००७८५.

चार फूट बाय चार फुटांच्या खिडकीचं उदाहरण घेऊ, म्हणजे १.२ मीटर चौरस. बाहेरची चौकट २५ बाय ५ च्या पट्टीची, ४.८ मीटर, वजन ४.७ किलो. आडव्या दोन पट्ट्या, २.४ मीटर, सव्वादोन-अडीच किलो. उभे चौकोनी गज १०० मिमीवर एक धरले तर ११ गज, एकूण १३.२ मीटर. १२ मिमीचे असतील तर जवळजवळ १५ किलो, १० मिमीचे असतील तर साडेदहा किलोच्या आत. म्हणजे एक ग्रिल २२ किलोचं आणि दुसरं साडेसतरा किलोचं. बोलणं चार सुतीचं आणि माल तीन सुतीचा असेल तर डोळ्याला पटकन कळत नाही, व्हर्नियर कॅलिपर लावला की कळतं. तो कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, एक घेऊन ठेवा.

दोन गजांमधलं अंतर चार इंचांपेक्षा जास्त नको. लहान मुलाचं डोकं अडकेल किंवा पार जाईल एवढी फट ठेवायचीच नाही. गॅलरीच्या रेलिंगची उंची फरशीपासून किमान एक मीटर ठेवा. आडव्या पाइपांचं रेलिंग आता सगळीकडे दिसतं. घरात मुलं असतील तर मी ते कुणालाच करू देत नाही. आडवे पाइप म्हणजे मुलांना शिडीच.

ठरवताना लिहून काय घ्यायचं

भाव तोंडी ठरतो आणि भांडण तिथूनच सुरू होतं. एका कागदावर एवढं लिहून दोघांच्या सह्या घ्या: मालाची जाडी मिमीमध्ये (सुतात लिहिलं तर वाद होतो), स्टेनलेस असेल तर ग्रेड, वजन रंगाच्या आधी कुठल्या काट्यावर करायचं, प्रायमर आणि रंगाचे हात किती, फास्टनर कोणता, ने-आण आणि बसवणं भावात धरलंय का. स्टेनलेस रेलिंग बहुधा रनिंग फुटावर आणि ॲल्युमिनियमची खिडकी चौरस फुटावर ठरते. तिथे वजनाचा हिशोब नसतो, म्हणून जाडीचा आकडा जास्त महत्त्वाचा.

आगाऊ पैसे मालाच्या किमतीएवढेच द्या. मधला हप्ता प्रायमरच्या आधी वर्कशॉपमध्ये बघून झाल्यावर द्या.

वर्कशॉपमध्ये जा, तेही प्रायमरच्या आधी

या एका फेरीइतका उपयोग बाकी कशाचाच होत नाही. प्रायमर लागला की वाईट वेल्डिंग आणि चांगलं वेल्डिंग सारखंच लाल दिसतं.

सांध्याजवळ डोळा नेऊन बघा. वेल्डिंगच्या रेषेवर काळपट काचेसारखी खपली असेल तर ती स्लॅग आहे, छिन्नी-हातोड्याने झाडून निघाली पाहिजे. तिच्यावर रंग मारला तर काही महिन्यांत खपली रंगासकट पडते आणि खाली उघडं लोखंड राहतं. सांध्यात टाचणीसारखी भोकं दिसली तर तो सांधा परत करून घ्या. पट्टी चौकटीला चारही बाजूंनी जोडलीय की दोन ठिकाणी नुसते टाके मारलेत, तेही बघा. दोन पट्ट्या एकमेकींवर टेकल्या असतील आणि मध्ये केसाएवढी फट असेल, तर तिथे पाणी केशाकर्षणाने ओढलं जातं आणि वाळत नाही. बाहेरच्या कामात अशी फट वेल्डिंगने पूर्ण बंद करायची किंवा दोन भागांत बोटभर मोकळी जागा ठेवायची. अर्धवट काहीच नको.

पोकळ पाइपची वरची टोकं टोपी लावून वेल्ड झालेली हवीत आणि खालच्या बाजूला, जिथे पाणी साचेल तिथे, सहा मिमीचं भोक हवं. कारागीर म्हणेल, "साहेब, भोक ठेवलं तर पाणी आत जाईल." पाणी तसंही जातं, सांध्यातून आणि ओलसर हवेतून. भोक असलं की बाहेर येतं. आमच्या गुहागरच्या खांबांना एवढं एक भोक असतं तर ते अजून उभे असते.

जीआय पाइपवर वेल्डिंग चालू असेल तर आणखी एक बघा. टाक्याभोवतीचं जस्त आधी ग्राइंडरने काढलंय का? जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि त्याचा पांढरा धूर छातीत गेला की वेल्डरला रात्री थंडी-ताप भरतो. काम उघड्यावर करायला सांगा, मास्क द्या. आणि टाका झाल्यावर त्या जागेवर जस्ताचा रंग लागलाच पाहिजे, कारण मुलामा तिथेच जळालेला असतो.

स्टेनलेसचं काम लोखंडाच्या शेजारी चालू असेल तर लांब करायला सांगा. लोखंड घासताना उडणाऱ्या ठिणग्या स्टेनलेसवर बसतात आणि पहिल्या पावसात तिथे तांबडे ठिपके येतात. मग लोक म्हणतात माल खोटा होता. माल बहुतेक वेळा खरा असतो, ग्राइंडरची चकती मात्र दोन्हीला एकच वापरलेली असते.

रंग: घाई इथेच नडते

नव्या लोखंडावर निळसर काळी साल असते. ती गुळगुळीत दिसते म्हणून कारागीर तिच्यावरच रंग मारतात. ती साल नंतर सुटते आणि रंग घेऊन जाते. म्हणून क्रम असा ठेवा. तार ब्रश किंवा ग्राइंडरच्या ब्रशने साल आणि गंज काढायचा. मग पॉलिश पेपर फिरवायचा. मग थिनरच्या फडक्याने तेलकटपणा पुसायचा आणि हातमोज्यांशिवाय परत हात लावायचा नाही. त्याच दिवशी प्रायमर लावायचा. रात्रभर उघडं ठेवलं तर सकाळी परत तांबूस थर आलेला असतो.

घाटावर रेड ऑक्साइड किंवा झिंक फॉस्फेट प्रायमर आणि वर इनॅमलचे दोन हात पुरतात. किनाऱ्यावर इपॉक्सी प्रायमर आणि वर पॉलियुरेथेन घ्या. खर्च वाढतो, पण दर दुसऱ्या वर्षी मचाण बांधण्यापेक्षा स्वस्त पडतं. धारा आणि कोपऱ्यांवरून रंग ओघळून पातळ होतो, म्हणून पूर्ण हात मारण्याआधी फक्त कडांना ब्रशने एक पट्टा मारून घ्यायला सांगा. जी बाजू भिंतीला टेकणार आहे ती बसवण्याआधीच रंगवून घ्या, नंतर तिथे ब्रश जात नाही.

जीआयवर थेट ऑइल पेंट नको. जस्त आणि तेलाची क्रिया होऊन मध्ये साबणासारखा थर बनतो आणि वर्षभरात रंग सालीसारखा निघतो. आधी एच (etch) प्रायमर, म्हणजे जस्तावर पकड धरणारा प्रायमर, किंवा इपॉक्सी लावा.

हवेत आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर रंग मारू नका. कोकणात याचा अर्थ जून ते सप्टेंबर विसरा. नोव्हेंबर ते मार्च चांगला, पण हिवाळ्यात पहाटे लोखंडावर दव असतं, तेव्हा दहा वाजल्यानंतरच सुरुवात करा.

पावडर कोटिंग सुंदर दिसतं, पण त्यासाठी वस्तू साधारण १८० ते २०० अंशांच्या भट्टीत जाते. म्हणजे साइटवर आणल्यावर वेल्डिंग करायचं नाही, केलं तर कोटिंग जळतं. जिना किंवा शेल्फ पावडर कोट करायचं असेल तर सुरुवातीपासून नट-बोल्टने जुळणारे भाग बनवा.

बसवताना

रेलिंगचा खांब काँक्रीटमध्ये रोवू नका. खाली सहा ते आठ मिमी जाडीची प्लेट वेल्ड करा, प्लेटला चार फास्टनर द्या आणि प्लेट फरशीपासून थोडी वर किंवा सिमेंटच्या उतरत्या उंचवट्यावर ठेवा, म्हणजे पाणी तिच्याकडे वाहत येणार नाही. स्लॅबच्या कडेपासून फास्टनर निदान तीन-चार इंच आत घ्या, नाहीतर आवळताना कड फुटते. गॅलरी अरुंद असेल तर प्लेट स्लॅबच्या बाहेरच्या उभ्या तोंडाला लावा. तिथे पाणी थांबतच नाही. लोखंडाला लोखंडी जस्तलेपित फास्टनर आणि स्टेनलेसला स्टेनलेसच.

फरशी बसवल्यानंतर मजूर सिमेंटचे डाग काढायला ॲसिडने धुतात. त्याच्या नुसत्या वाफेनेही स्टेनलेसचे नळ, बिजागऱ्या, रेलिंग दोन दिवसांत ठिपकेदार होतात. ॲसिड मारायचंच असेल तर ते स्टेनलेस घरात येण्याआधी.

गच्चीवर पत्रा घालणार असाल तर आधी नगरपालिकेची परवानगी बघा. पत्रा रंगीत, ०.५ मिमीच्या आसपास घ्या. स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर मारा, रबरी वॉशर चेपून फाटेल इतके आवळू नका. कापलेली कड पावसाच्या तोंडाला येऊ देऊ नका. आणि सांगाडा स्लॅबला नीट बांधा. पत्र्याला खाली पाडण्यापेक्षा वर उचलणारा वारा जास्त धोकादायक असतो.

गेटवर दिवा असेल, गेट मोटरचं असेल किंवा दिवाळीला रेलिंगवर माळा सोडणार असाल, तर त्या लोखंडाला अर्थिंग द्या आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या.

ग्रिलला झडप ठेवा

हे मी विनंती म्हणून लिहितोय. चोराच्या भीतीने आपण प्रत्येक खिडकीला बंद पिंजरा करतो. आग लागली तर दारातून धूर आत येतो आणि खिडकीतून बाहेर पडायला जागा नसते. अग्निशमन दलालाही मग ग्रिल कापावं लागतं, आणि त्यात जाणारी मिनिटं फार महाग असतात. प्रत्येक झोपायच्या खोलीतल्या निदान एका ग्रिलला दोन फूट बाय अडीच फुटांची उघडणारी झडप ठेवा. बिजागऱ्या आतून, कडी-कोयंडा आतून, किल्ली भिंतीवर त्याच खोलीत, लहान मुलाच्या हाताला लागणार नाही पण आजीला अंधारात सापडेल अशा जागी. वर्षातून दोनदा ती उघडून बघा, नाहीतर रंगाने चिकटलेली असते. झडपेपुढे कुंड्या ठेवू नका.

घराच्या आत

आतलं काम सोपं, कारण इथे पाणी कमी. लोखंडी शेल्फ, जाळीचं पार्टिशन, टेबलाचे पाय, सगळ्याला पावडर कोटिंग करा आणि विसरून जा. स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या मात्र ३०४ च्याच घ्या, चिंच, मीठ आणि ओली भांडी त्यांच्यावर रोज असतात.

पोटमाळा किंवा मधला मजला लोखंडी तुळयांवर करायचा असेल तर वेल्डरच्या अंदाजावर जाऊ नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आराखडा घ्या. राहत्या खोलीला दर चौरस मीटरला २०० किलोचा वापराचा भार धरतात. पुस्तकांची कपाटं असतील तर तेही सांगा. आणि पोलाद जळत नसलं तरी साडेपाचशे-सहाशे अंशांना त्याची ताकद जवळपास निम्मी होते. म्हणून तुळई उघडी ठेवायची हौस असेल तर तिला आगीत फुगणारा खास रंग द्या.

तांबं-पितळ मला फार आवडतं. पुण्याच्या तांबट आळीतलं मठारकाम हातात घेऊन बघा. हातोड्याच्या एकेका ठोक्याने उमटलेल्या त्या खळग्यांवर उजेड असा तुटतो की सपाट पॉलिशचा पत्रा त्यापुढे निर्जीव वाटतो. शिवाय ठोकून पत्रा कडक होतो, वाकत नाही. दिव्याची शेड, वॉशबेसिन, दाराची मूठ अशा हाताला लागणाऱ्या जागी ते घ्या. पितळेवर पारदर्शक लॅकर मारला तर एक-दोन वर्षं चकाकतं, मग लॅकर तुकड्यातुकड्याने निघून डाग पडतात. माझं मत: लॅकर नको. काळवंडू द्या, सणावाराला चिंचेने घासा. घरातल्या समया आपण तशाच तर सांभाळतो.

खंडेनवमीला

वर्षाची तपासणी मी खंडेनवमीला करतो. पाऊस बहुतेक संपलेला असतो आणि त्या दिवशी लोखंडाला हात लागतोच. एक बादली साधं पाणी, मऊ फडकं, तार ब्रश, प्रायमरचा छोटा डबा एवढं पुरतं. आधी सगळं गोड्या पाण्याने धुवायचं, छज्जाखालचं जास्त नीट. स्टेनलेसवर तारेची घासणी किंवा ब्लीच वापरायचं नाही. मग प्रत्येक खांबाच्या बुडाशी बसून बोटाने दाबून बघायचं. रंग फुगलेला असेल तर तिथेच खरवडायचा, चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासायचा आणि लगेच प्रायमर लावायचा. खालच्या भोकांतली माती काडीने काढायची. बिजागऱ्यांना ग्रीस. झडपेच्या कुलपाला तेलाचे दोन थेंब, आणि किल्ली फिरवून झडप पूर्ण उघडून बघायची.